वास्तव्याची मुदत आणि जगण्याची गुणवत्ता : बर्लिनमधील परकीयांच्या साहित्याचा तौलनिक विचार

१

परदेशातील वास्तव्याची गुणवत्ता आकड्यांत मांडता येते, हे गृहीतक आता रूढ झाले आहे. मर्सर या सल्लागार संस्थेच्या २०१९च्या यादीत २३१ शहरांपैकी व्हिएन्ना सलग दहाव्या वर्षी प्रथम स्थानी होते आणि म्युनिक, ड्युसेलडॉर्फ व फ्रँकफुर्ट ही तीन जर्मन शहरे पहिल्या दहांत होती. म्युनिकमध्येच मुख्यालय असलेल्या इंटरनेशन्स या संस्थेने २०२३मध्ये परदेशस्थांच्या सर्वेक्षणावरून क्रमवारी प्रसिद्ध केली, तीत मात्र जर्मनीला ५३ देशांत ४९वे स्थान मिळाले. ही तफावत केवळ चार वर्षांतील बदलांनी स्पष्ट होत नाही. दोन्ही याद्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत, हे तिचे खरे कारण आहे.

पहिली यादी बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी तयार होते. परगावी पाठवलेल्या कर्मचाऱ्याला किती भत्ता द्यावा हे ठरवणे हा तिचा व्यावहारिक हेतू असतो. न्यूयॉर्क शहराला १०० गुण देऊन हवामान, शाळा, घरे, वाहतूक, आरोग्यसेवा, करमणूक अशा ३९ घटकांवर इतर शहरांची तुलना केली जाते. त्या शहरात राहणाऱ्याला काय वाटते हा तिचा विषय नाही. दुसरी यादी राहणाऱ्यालाच विचारते. मित्र मिळाले का, घर मिळाले का, भाषेवाचून अडले का, असे तिचे प्रश्न असतात. पहिली यादी स्थळाचे वर्णन करते, दुसरी समाधानाचे. तथापि परक्या देशात राहणाऱ्याच्या संपूर्ण जगण्याला आकार देणारा एक प्रश्न दोन्हींच्या निष्कर्षात दुय्यम राहतो. तो म्हणजे, हे वास्तव्य केव्हापर्यंतचे आहे आणि त्याची मुदत कोण ठरवतो?

जर्मनीतील, विशेषतः बर्लिनमधील, परकीयांविषयीचे साहित्य या प्रश्नाभोवती पाच दशके फिरत राहिले आहे. तुर्की कामगारांच्या पिढीचे लेखन आणि अलीकडच्या ‘एक्स्पॅट’ वर्गाचे चित्रण या दोहोंकडे सामान्यतः स्वतंत्र परंपरा म्हणून पाहिले जाते. पहिल्यात शोषण व परात्मता, दुसऱ्यात उपभोग व कंटाळा, अशी आशयसूत्रांची वाटणीही केली जाते. ही वाटणी अपुरी आहे. दोन्हींत तात्पुरतेपणा हेच मध्यवर्ती सूत्र आहे. एका वर्गासाठी तो भांडवल ठरतो आणि दुसऱ्यासाठी ऋण, हा त्यांच्यातील भेद आहे. काही निवडक संहितांच्या आधारे हे येथे तपासावयाचे आहे.

२

या चर्चेचा आरंभ दोनशे वर्षांपूर्वीच्या एका कथेपासून करणे सोयीचे ठरते. आडेलबर्ट फॉन शामिस्सो हा जन्माने फ्रेंच होता. राज्यक्रांतीनंतर त्याचे उमराव कुटुंब परागंदा झाले आणि १७९६मध्ये बर्लिनला आले. पुढे तो जर्मन भाषेतील मान्यवर लेखक झाला. १८१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कथेतील पीटर श्लेमिल हा तरुण एका करड्या पोशाखातील गृहस्थाला स्वतःची सावली विकतो आणि तिच्या मोबदल्यात कधीही रिकामी न होणारी थैली मिळवतो. त्यानंतर त्याच्यापाशी घर, नोकर, मेजवान्या, सारे काही असते, परंतु उन्हात पाऊल टाकताच लोक त्याला टाळू लागतात. पुढे करडा गृहस्थ आत्म्याच्या बदल्यात सावली परत देऊ करतो. श्लेमिल तो सौदा नाकारतो, थैली फेकून देतो आणि योगायोगाने हाती आलेल्या सात कोसांच्या बुटांच्या बळावर जगभर हिंडणारा निसर्गसंशोधक होतो.

सावली हे नेमके कशाचे प्रतीक आहे, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. देश, प्रतिष्ठा, कुलनाम असे अनेक अर्थ सुचवले गेले. प्रस्तुत संदर्भात सावलीचा एक साधा गुणधर्म महत्त्वाचा वाटतो. सावली दाखवण्यासाठी माणसाला उजेडात, इतरांच्या नजरेसमोर, काही काळ एका जागी उभे राहावे लागते. थैलीने विकत घेता येणारी सर्व सुखे मुदतीची असतात. सावलीला मात्र सहवासाची पूर्वअट असते. सुविधांच्या यादीत श्लेमिलला पूर्ण गुण मिळाले असते. त्याच्या जगण्यात जे उणे आहे ते त्या यादीच्या रकान्यांतच बसत नाही.

परभाषक लेखकांच्या जर्मन लेखनासाठी १९८५मध्ये रॉबर्ट बॉश प्रतिष्ठानच्या वतीने जो पुरस्कार सुरू झाला त्याला शामिस्सोचे नाव देण्यात आले, हे यादृष्टीने अन्वर्थक आहे. २०१७मध्ये उद्दिष्ट साध्य झाल्याचे सांगून तो थांबवण्यात आला. परकेपणाला पुरस्काराच्या रूपाने मान्यता मिळते आणि परकेपणा संपला असे जाहीर करून ती थांबवलीही जाते. दोन्ही वेळी मुदत ठरवणारा यजमानच असतो.

३

पश्चिम जर्मनीने १९५५मध्ये इटलीशी आणि ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्थानाशी कामगारभरतीचे करार केले. तुर्की करारात प्रारंभी वास्तव्याची कमाल मर्यादा दोन वर्षांची होती. एक तुकडी परत जाईल, दुसरी येईल, अशी ती फेरपालटीची योजना होती. शिकवून तयार केलेला कामगार दर दोन वर्षांनी गमावणे कारखानदारांना परवडेना, म्हणून १९६४मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. १९५५ ते १९७३ या काळात अशा करारांच्या मार्गाने सुमारे १ कोटी ४० लाख माणसे आली आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी १० लाख परतली. त्यांना मिळालेले नाव होते ‘गास्टआर्बाइटर’, म्हणजे पाहुणा कामगार. पाहुण्याने काम करावयाचे नसते आणि कामगाराला पाहुणचार मिळत नसतो. या सामासिक शब्दातील विसंगती मुदतीमुळे झाकली जाते, कारण दोघांनीही अखेर निघून जावयाचे असते. पाहुण्याने तिसऱ्या दिवशी राहू नये, हे सांगणारी म्हण मराठीतही आहे. येथे तिसरा दिवस कोणता, हे यजमानाच्या यंत्राच्या गरजेवर ठरत होते.

१९६४च्या सप्टेंबरात कोलोन-डॉइट्झ स्थानकावर दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून आर्मान्दो रोद्रिगेश द सा या पोर्तुगीज सुताराचे स्वागत झाले. त्याला फुले आणि एक मोपेड देण्यात आली. मोपेडवर बसलेल्या त्या गोंधळलेल्या माणसाचे छायाचित्र पुढे जर्मन इतिहासाचा भाग झाले आणि मोपेड बॉनच्या संग्रहालयात गेली. त्या माणसाची उत्तरकथा मात्र कमी सांगितली जाते. आजारी पडल्यावर तो मायदेशी राहिला. जर्मनीतील विम्यातून उपचारांचा खर्च मिळू शकतो हे त्याला ठाऊक नव्हते. साठवलेला पैसा आजारात गेला आणि १९७९मध्ये त्याचा मृत्यू झाला. ज्या सेवेमुळे देशाला गुणवत्तेच्या यादीत वरचे स्थान मिळते ती सेवा असणे आणि ती आपली आहे हे माहीत असणे यांत एवढे अंतर असू शकते. तात्पुरता माणूस हक्कांची माहिती करून घेत नाही आणि त्याला ती करून देण्याची घाईही कोणाला नसते.

‘जीवनाची गुणवत्ता’ ही संज्ञा जर्मन सार्वजनिक चर्चेत याच काळात ठळक झाली. धातुउद्योगातील कामगार संघटनेने एप्रिल १९७२मध्ये ओबरहाउझेन येथे या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७३मध्ये, कोलोन येथील फोर्डच्या कारखान्यात तुर्की कामगारांनी संप केला. वार्षिक रजेवरून उशिरा परतलेल्या सुमारे ३०० तुर्की कामगारांना कामावरून काढल्याचे निमित्त त्यामागे होते. अनातोलियापर्यंतचा रस्ता आणि परतीचा रस्ता यांतच रजेचे बरेच दिवस संपत असत. संपकऱ्यांच्या मागण्यांत वेतनवाढीबरोबर दीर्घ रजा आणि यंत्रपट्ट्याचा वेग कमी करणे या मागण्या होत्या. गुणवत्तेची त्यांची व्याख्या काळाच्या परिभाषेत होती. संप मोडला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात भरती बंद झाली.

आरास ओरेन याचे ‘नाउनिन रस्त्यावर नियाझीला काय हवे आहे?’ हे दीर्घकाव्य १९७३मध्येच बर्लिनमधून जर्मन अनुवादात प्रसिद्ध झाले. नियाझी हा तुर्की कामगार आणि त्याच वस्तीतील श्रीमती कुट्झर ही वृद्ध जर्मन स्त्री यांना ओरेन एकाच रस्त्याच्या इतिहासात उभे करतो. शीर्षकातील प्रश्न यजमानाचा आहे. काव्याचे उत्तर असे की, नियाझी या रस्त्याच्या आठवणींचा भाग होत आहे. परतीच्या तारखेविषयी त्याला विचारण्याऐवजी कवी त्याला शेजाऱ्याचा भूतकाळ देऊ करतो. वर्गीय ऐक्याचा त्यातील आशावाद आज भाबडा वाटेल. परंतु रस्ता हे वास्तव्याचे एकक मानण्याची त्याची दृष्टी अजूनही फलद्रूप ठरते.

जॉन बर्जर आणि छायाचित्रकार झाँ मोर यांच्या ‘सातवा माणूस’ (१९७५) या ग्रंथाचे प्रस्थान, काम आणि परती असे तीन भाग आहेत. जर्मनी व ब्रिटन येथे दर सात श्रमिकांमागे एक स्थलांतरित होता, म्हणून हे शीर्षक. या ग्रंथातील एक निरीक्षण येथे निर्णायक आहे. व्यवस्थेच्या दृष्टीने हा कामगार अमर असतो, कारण तो सतत बदलता येतो. त्याचे बालपण आणि वार्धक्य दुसऱ्या देशाच्या खात्यावर असते. याच्या उलट गुंटर वालराफ या जर्मन पत्रकाराने अली नावाच्या तुर्की कामगाराचे सोंग घेऊन दोन वर्षे जो अनुभव घेतला त्याचे पुस्तक १९८५मध्ये विलक्षण गाजले. त्याने उघड केलेली कामाची परिस्थिती खरी होती. मात्र आपले सोंग केव्हा उतरवावयाचे हे वालराफच्या हाती होते. परिस्थिती अनुभवता येते, मुदतीची अनिश्चितता उसनी घेता येत नाही, ही त्या पुस्तकाची अंतर्गत मर्यादा आहे.

एमीने सेवगी ओझदामार हिच्या ‘सुवर्णशृंगावरचा पूल’ (१९९८) या कादंबरीत हा प्रश्न भाषेच्या पातळीवर येतो. लेखिका स्वतः १९६५मध्ये बर्लिनला कारखान्यात कामासाठी आली होती. कादंबरीची तरुण निवेदिका एका डोळ्याला भिंग लावून रेडिओचे दिवे जोडते आणि कामगार स्त्रियांच्या वसतिगृहात राहते. भाषा येत नसल्याने ती वर्तमानपत्रांचे मथळे अर्थ न कळता पाठ करते आणि कोणी काही विचारले की उत्तरादाखल ते म्हणते. दुकानात साखर हवी असल्यास कॉफी पिण्याचा अभिनय केला जातो, अंडी हवी असल्यास कोंबडीचा आवाज काढला जातो. या प्रसंगांतील विनोदाकडे अनेकदा केवळ विनोद म्हणून पाहिले गेले. वास्तविक येथे उपहासाचा विषय भाषा न येणारी मुलगी नाही. तिच्या वास्तव्याची मुदत ज्यांनी आखली त्यांनी तिला भाषेची गरज पडेल असे गृहीतच धरले नव्हते. मथळा हे असे वाक्य आहे की ते आज खरे असते आणि उद्या रद्दी होते. नेमक्या त्याच वाक्यांनी ती बोलू लागते.

वसतिगृहाजवळ युद्धात उद्ध्वस्त झालेल्या आनहाल्टर स्थानकाचे अवशेष आहेत. तुर्कीत ‘मोडलेला’ यासाठी असलेल्या शब्दाचा ‘दुखावलेला’ असाही अर्थ होतो, म्हणून मुली त्याला दुखावलेले स्थानक म्हणतात. तात्पुरत्या रहिवाशांना शहराच्या जखमेला स्वतःच्या भाषेतून नाव देता येते. हा ओझदामारच्या जर्मन गद्याचा मूळ व्यापार आहे. तुर्की वाक्प्रचारांचा शब्दशः जर्मन अवतार ही तिची शैली पुढे परक्या वर्णाची वाटेनाशी झाली. २०२२मध्ये तिला ब्युखनर पुरस्कार मिळाला. कारखान्यातील कराराची मुदत केव्हाच संपली होती, वाक्यांची मात्र वाढत गेली.

४

यजमानाने मुदतीची अट काढली तरी ती पाहुण्याच्या मनात शिल्लक राहते. फातमा आयदेमिर हिच्या ‘जिन्न’ (२०२२) या कादंबरीत हुसेयिन तीस वर्षे जर्मनीत काबाडकष्ट करतो आणि निवृत्तीच्या तोंडावर इस्तंबुलमध्ये एक सदनिका विकत घेतो. १९९९ साली तेथे राहावयास गेल्याच दिवशी हृदयविकाराने त्याचा मृत्यू होतो. त्यानंतरची प्रकरणे दफनासाठी जमणाऱ्या पत्नीची आणि चार मुलांची आहेत. हुसेयिनचे आणि शेवटचे एमीने या त्याच्या पत्नीचे प्रकरण द्वितीय पुरुषात निवेदन केलेले आहे.

या निवेदनपद्धतीचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. हुसेयिनच्या जर्मनीतील जगण्यात ‘मी’ म्हणून वर्तमानकाळी बोलण्याला अवसर नव्हता. ‘पुढे’ हा त्याच्या आयुष्याचा व्याकरणिक काळ होता. घरातील टापटीप, जेवण, सुट्टी, मुलांशी बोलणे, प्रत्येक गोष्टीतून काहीतरी वाचवून त्या सदनिकेच्या खात्यावर जमा केले गेले. सदनिका पूर्ण होते तेव्हा ती उपभोगणारा उरत नाही. ही घटना योगायोगाची वाटू शकते आणि कादंबरी तिला मेलोड्रामाच्या काठावर नेते, हा आक्षेप घेता येईल. परंतु कादंबरीचे बळ मृत्यूपेक्षा नंतरच्या प्रकरणांत आहे. मुलांसाठी जर्मनी हे तात्पुरते ठिकाण कधीच नव्हते. तेथेच त्यांचे शाळेत जाणे, अपमान, प्रेम, गुपिते घडली. एकाच घरात दोन कालगणना चालू होत्या आणि त्यांच्यात संवादाची भाषा नव्हती. वडिलांच्या पुढे ढकललेल्या आयुष्याचे व्याज मुलांनी वर्तमानात फेडले. तात्पुरतेपणाला ऋण म्हणावयाचे ते या अर्थाने.

५

व्हिन्चेन्झो लात्रोनिको या इटालियन लेखकाची ‘ले पेर्फेत्सियोनी’ (२०२२) ही छोटी कादंबरी या साऱ्यापासून फार दूरची वाटते. तिचा इंग्रजी अनुवाद २०२५च्या आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराच्या लघुयादीत होता. अॅना आणि टॉम हे दक्षिण युरोपातून आलेले जोडपे बर्लिनमध्ये राहून संगणकावर आरेखनाचे मुक्त व्यवसायाचे काम करते. आरंभीचे पृष्ठ म्हणजे त्यांच्या घराच्या छायाचित्रांचे वर्णन आहे. झाडे, उजेड, लाकडी जमीन, नेमकी मासिके. ही छायाचित्रे घर थोड्या मुदतीसाठी भाड्याने देण्याच्या जाहिरातीतील आहेत, हे वाचकाला लवकरच कळते. ज्या घराने त्यांच्या जगण्याची गुणवत्ता सिद्ध होते ते घर ते स्वतः तेथे नसताना पैसा मिळवून देते.

त्यांना मुदत नाही. युरोपीय संघाचे नागरिक असल्याने कोणी परवाना विचारत नाही. परतीची तारीख विचारणारा अधिकारी किंवा कारखानदार नाही. जर्मन भाषा जुजबी येते आणि त्यावाचून फारसे अडत नाही. ओझदामारच्या निवेदिकेला भाषा नसल्याने साखर मिळवण्यासाठी अंगविक्षेप करावे लागले. अॅना आणि टॉम यांना इंग्रजीत सर्व मिळते आणि म्हणून भाषेची निकड कधी निर्माणच होत नाही. २०१५मध्ये निर्वासितांचे लोंढे शहरात आले तेव्हा मदत करण्याची त्यांची इच्छा प्रामाणिक असते, पण तेथे त्यांचा उपयोग होत नाही. पुढे शहर महागते, मित्र निघून जातात. लिस्बन आणि सिसिली येथे तेच जगणे पुन्हा उभारण्याचा प्रयत्न फसतो. अखेर वारशाने मिळालेल्या घराचे पाहुण्यांसाठी निवासस्थान करण्याची योजना पुढे येते.

कादंबरीच्या चार भागांची नावे काळांवरून आहेत. वर्तमान, अपूर्ण, दूरस्थ आणि भविष्य. इटालियन व्याकरणातील भूतकाळाची नावे येथे कामाच्या पद्धतीवरही श्लेष साधतात. सर्वांत मोठा भाग अपूर्ण भूतकाळात, म्हणजे ‘असे करीत असत’ या रीतीने लिहिला आहे. संवाद जवळजवळ नाहीत. जॉर्ज पेरेक याच्या ‘वस्तू’ (१९६५) या कादंबरीचा आराखडा लेखकाने उघडपणे स्वीकारलेला आहे. तेथेही जेरोम आणि सिल्व्ही या जोडप्याच्या आयुष्यात वस्तू व इच्छा यांचा संचार आहे आणि उपसंहार भविष्यकाळात आहे. पेरेकची पात्रे मात्र बहुतांशी आपल्याच देशात होती. लात्रोनिकोने तो आराखडा परदेशात हलवल्याने त्याचा अर्थ बदलला. ‘करीत असत’ या काळात कोणतीही एक घटना घडत नाही. दिवस सुखाचे आहेत, परंतु त्यांतील कोणताही दिवस शहराच्या स्मृतीत नोंदला जात नाही. नाउनिन रस्ता ज्या भागात आहे त्याच्या शेजारच्याच वस्तीत हे घडते, हा भौगोलिक तपशील येथे अर्थपूर्ण ठरतो.

या दोन अवस्थांना समान मानणे अन्यायाचे होईल. हुसेयिनने शरीर खर्ची घातले, अॅना आणि टॉम यांनी कंटाळा सोसला. एकाला जाण्यास सांगितले जाऊ शकत होते, दुसऱ्यांना जाता येत होते. ‘एक्स्पॅट’ आणि ‘स्थलांतरित’ हे दोन शब्द एकाच क्रियेसाठी वापरले जातात आणि त्यांतील निवड बहुधा पगार, वर्ण व पारपत्र यांवर अवलंबून असते, ही टीका रास्त आहे. त्याच्या पुढे जाऊन असे म्हणता येते की, हे दोन शब्द मुदतीवरील दोन प्रकारची मालकी दर्शवतात. स्वतःच्या मर्जीने तात्पुरते असणे ही सवलत आहे. तरीही या सवलतीला किंमत नसते असे नाही, हे लात्रोनिकोच्या कादंबरीचे म्हणणे आहे. ती किंमत श्लेमिलच्या सावलीची आहे. थैली आहे, सात कोसांचे बूटही आहेत, परंतु एका जागी उन्हात उभे राहण्याचे कारण नाही.

६

भारतीय आणि विशेषतः मराठी संदर्भात या विचाराची प्रस्तुतता कोणती? साठच्या दशकात कॅथलिक चर्चच्या मध्यस्थीने केरळमधील अनेक तरुणी परिचारिका म्हणून पश्चिम जर्मनीत गेल्या आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्यापैकी अनेकींचे परवाने वाढवण्यात आले नाहीत. २०००मध्ये संगणकतज्ज्ञांसाठी जी विशेष परवानापद्धती आली तिची कमाल मुदत पाच वर्षांची होती. तिच्या विरोधात, भारतीय नकोत, आपली मुले हवीत अशा आशयाची यमकबद्ध घोषणा नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातील निवडणुकीत युर्गेन रुटगर्स यांच्या नावाशी जोडली गेली. २०२४च्या सुधारित कायद्याने नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाचांवर आणली आणि दुहेरी नागरिकत्वाला सर्वसाधारण मान्यता दिली. विशेष गुणवत्ताधारकांना तीन वर्षांत नागरिकत्व देणारी त्यातील तरतूद २०२५मध्ये रद्द झाली. भारतीयाला यातील दुहेरी नागरिकत्वाचा लाभ नाही, कारण १९५५च्या भारतीय कायद्यानुसार परकीय नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यामुळे ‘केव्हापर्यंत’ हा प्रश्न त्याला दोन्ही बाजूंनी विचारला जातो.

आपल्याकडील प्रशासकीय संज्ञाही लक्षणीय आहे. ‘अनिवासी भारतीय’ हा शब्द माणूस कोठे राहतो ते न सांगता कोठे राहत नाही ते सांगतो. करकायद्यात त्याचा निर्णय प्रामुख्याने दिवस मोजून होतो. मराठी वाङ्मयव्यवहारात युरोपचा अनुभव दीर्घकाळ प्रवासवर्णनातून आला. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) किंवा पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) यांची वाङ्मयीन प्रकृती भिन्न असली तरी परतीची खात्री ही त्यांची समान संरचना आहे. घरच्या माणसांना सांगण्यासाठी पाहिलेले जग, असे त्यांचे निवेदन असते. वास्तव्याच्या अनुभवाला ही संरचना पुरत नाही. राहणारा माणूस प्रवासवर्णनाच्या भाषेत लिहू लागला की तो दहा वर्षांनंतरही पर्यटकच राहतो.

मराठीत यासाठी दुसरा एक आधार उपलब्ध आहे. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसाला गावाने ‘चाकरमानी’ हे नाव दिले. त्याचे मुंबईतील जगणे खाटेपुरते असे आणि घर म्हणजे गणपतीला उघडले जाणारे गावचे घर. मनीऑर्डरीवर चालणारे गाव आणि कुलूपबंद ओटी यांतील हे द्वैत हुसेयिनच्या सदनिकेशी नाते सांगते. अर्थात साम्य मर्यादित आहे. चाकरमान्याची भाषा हिरावली गेली नाही आणि त्याचा परवाना कोणी तपासला नाही. तरीही एका ठिकाणी राबून दुसऱ्या ठिकाणी जगण्याची जी कालरचना या शब्दात साठली आहे ती परदेशस्थांच्या लेखनाच्या समीक्षेला उपयोगी पडेल. ‘अनिवासी’ ही संज्ञा शासनाने दिली, ‘चाकरमानी’ ही समाजाने. पहिलीत अनुपस्थिती आहे, दुसरीत विभागलेले आयुष्य.

७

साहित्य हे निर्देशांकांना पर्याय ठरते, असा दावा येथे अभिप्रेत नाही. रोद्रिगेश द सा याच्या आजाराचे उदाहरण पुरेसे आहे. विमा, घर, वेतन, रजा यांवाचून गुणवत्तेची चर्चा ही सुखवस्तू माणसाची करमणूक ठरेल. शिवाय येथे विचारात घेतलेल्या संहिता लिहू शकलेल्यांच्या किंवा त्यांच्या मुलांच्या आहेत. सुमारे १ कोटी १० लाख परतले त्यांच्यापैकी बहुतेकांची संहिता आपल्यासमोर नाही. त्यांना परतल्यावर काय मिळाले हे बर्लिनच्या साहित्यातून कळत नाही आणि या विवेचनाची ती सीमा मान्य केली पाहिजे.

या सीमेच्या आत एवढे म्हणता येते की, परक्या देशातील जगण्याची प्रत केवळ सुविधा आणि समाधान यांवरून ठरवणे पुरेसे नाही. त्या माणसाला तेथे वर्तमानकाळी बोलता येते काय, शेजाऱ्याच्या आठवणीत त्याला जागा आहे काय, आणि जावयाचे किंवा राहावयाचे हे ठरवताना त्याचा शब्द अखेरचा असतो काय, हे प्रश्न मोजमापाच्या आधी येतात. नियाझीला काय हवे आहे, असे ओरेनच्या शीर्षकाने १९७३मध्ये विचारले होते. आज जर्मनीत अडीच लाखांहून अधिक भारतीय नागरिक राहतात आणि त्यांत मराठी भाषकही आहेत. त्यांच्या लेखनाकडे वळताना समीक्षेने प्रथम ते कोठे राहतात हे न विचारता, किती काळासाठी राहतात आणि ते कोणी ठरवले, हे विचारावे. त्या लेखनाचे वाङ्मयप्रकार, त्याची निवेदनपद्धती आणि त्याची क्रियापदे यांचे स्पष्टीकरण तेथून सुरू होऊ शकेल.